पान उतरेपर्यंत

खानापुरात, झेरॉक्सच्या दुकानामागं माझी खोली.
एक टेबल, दोन खुर्च्या,
आणि मी लिहिलेला एक प्रोग्रॅम :
राखाडी चौकट, तिच्यात बसवलेला ब्राउझर,
भिंतीत कोनाडा बसवावा तसा.
वर गाव टाकायचं, सर्व्हे नंबर टाकायचा,
मग हात मागं घ्यायचे.

बाण जागचा हलत नाही,
तरी आतले रकाने एकेक भरत जातात.
जांबोटीकडचे भरमाण्णा घाडी
चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले.
"कोण भरालंय गे हे?"
मीच, म्हटलं.
"तू तर चहा घेऊन बसलीयास."
परवा रात्री सांगून ठेवलंय त्याला, आज ते भरालंय.
त्यांना लगेच पटलं.
मलाच अजून नाही.

सरकारी पान कन्नड.
माझं घर मराठी, कोड इंग्रजी,
कन्नड शाळेतल्या तिसऱ्या तासापुरतं,
आणि काही अडलं की शिवी कोकणीतली, आजोळची.
'हुडुकु' लिहिलेलं बटण शोध, असं मी प्रोग्रॅमला सांगते.
हुडुकणं म्हणजे काय, त्याला ठाऊक नाही.
आकार जुळला की दाबतो.
एकदा वरच्यांनी त्या शब्दाआधी
एक मोकळी जागा सोडली,
डोळ्याला दिसणार नाही एवढी.
दिवसभर उभा राहिला बिचारा दारात :
घर ओळखीचं, पाटी बदललेली.

पहिल्यांदा मी त्याला म्हणायची, पाच सेकंद थांब.
दुपारी लाईन मंद असली
की पाच सेकंदांत पान अर्धंच उतरायचं
आणि हा अक्षरं ओतून मोकळा.
नाव रकान्याबाहेर,
नंबर भलत्याच्याच शेतात.

आप्पा कौलांच्या कारखान्यात भट्टीवर होते,
एकवीस वर्षं. मनगटाला घड्याळ कधी नाही.
भोकाला डोळा लावायचे अन् सांगायचे :
तांबडं दिसतंय? नाही अजून.
नारंगी झालं? तरी नाही.
कौलं दिसेनाशी झाली, नुसता उजेड उरला,
की बास कर लाकूड.
घड्याळ बघून आग काढणाऱ्याचं कौल
पहिल्याच वर्षी पाझरतं.

एका रात्री पाच सेकंद खोडले.
लिहिलं : तो रकाना दिसेपर्यंत थांब.
दिसला तरी घाई नको, लिहू देतो का बघ.
नाहीच दिसला
तर मला हाक मार.

हाक मारतोच तो, रोज, एका ठिकाणी.
वाकड्या अक्षरांचं चित्र येतं :
यंत्र नसाल तर वाचा.
बारीक घंटी वाजते, मी कप खाली ठेवते.
सात. के. आडवा पडलेला दोन.
पुन्हा के.
वीस रुपयांतली माझी मजुरी एवढीच आता,
यंत्र नसल्याची.

प्रिंटरनं कागद सोडला.
भरमाण्णांनी पालथ्या हातानं चाचपला.
"गरम हाय की."
मग उलटा धरला, सुलटा धरला.
"ह्यात मी कुठला?"
मी त्यांचं बोट धरून तिसऱ्या ओळीवर ठेवलं
आणि मोठ्यानं वाचताना अडखळले.
पुन्हा वाचलं.
घाडीचं गाडी झालं होतं.
त्यांचं, वर त्यांच्या बापाचंही.
प्रोग्रॅमनं निमूट उतरवलं होतं,
त्याच्या दृष्टीनं सगळं जुळलेलं.

सांगावं की नको, ठरेना.
सांगितलं.
भरमाण्णा बोट तिथंच ठेवून हसले,
दात नसलेलं, लांबलचक.
"गाडी? तरीच.
चार वर्षं नुसते फिरवालेत मला,
खानापूर ते बेळगाव, बेळगाव ते खानापूर."

दुरुस्तीच्या अर्जाचं पान वेगळं.
त्याचा कोड अजून लिहिलेला नाही.
दुसरी खुर्ची त्यांच्याकडं ओढली,
म्हटलं बसा,
हे हातानं भरायला लागेल.